घरांत येणारा नाताळ



महोत्सवाच्या दिवशीं धर्मग्रामाचा इतिहास सांगण्याची रीत आहे. मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, शाळा कशी वाढली, कोणकोणत्या फादरांनीं येथें देह झिजविला, हें आपण आज आदरानें ऐकत आहों. माझ्याकडे मात्र एक घरगुती विषय सोंपविण्यांत आला आहे. आपल्या तरुण कुटुंबांत नाताळचा काळ कसा पाळला जातो आणि तो कसा पाळला जावा, याविषयीं मीं दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. विषय घरगुती खरा. पण आठवड्याच्या १६८ तासांपैकीं मंदिरांत आपण फार तर एक-दोन तास असतों, आणि उरलेला सर्व काळ आपला धर्म घराच्या स्वाधीन असतो. पुढील महोत्सवाच्या वेळीं या बाकांवर कोण बसलेलें असेल, हें आज आपल्या घरांत सायंकाळीं काय घडतें यावर पुष्कळ अंशीं ठरणार आहे.

मनीषनगरचेंच उदाहरण घेऊं. वर्धा रस्त्यावरून लोहमार्ग ओलांडला कीं ही वस्ती लागते. २०२० च्या नोव्हेंबरांत उड्डाणपूल खुला होईपर्यंत फाटकापाशीं ताटकळत उभें राहणें हा येथील रहिवाशांचा नित्याचा अनुभव होता. जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आतां चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतील एखाद्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्यें आपलें एक तरुण ख्रिस्ती दाम्पत्य राहतें. त्याचें मूळ वसईंत असेल, तिचें गोव्यांत. किंवा एकाचें केरळांत आणि दुसऱ्याचें छोटानागपुरांत. दोघेंही नोकरी करतात. कोणी मिहानमधील कचेरींत, कोणी इस्पितळांत, कोणी शाळेंत, कोणी रेल्वेंत. आजी गांवीं आहे, आजोबा भिंतीवरील फोटोंत आहेत. घरीं दोन मुलें आहेत, आणि त्या मुलांना नाताळ शिकविण्यास या थकल्या-भागल्या दोघांवांचून दुसरें कोणी नाहीं.

पूर्वीं हें शिक्षण कोणी मुद्दाम देत नसे. मोठ्या घरांत काकी करंज्या भरीत बसे, मामा बांबूच्या कामट्या बांधून तारा करी, आजी जपमाळ सुरू करी, आणि मूल या सर्वांच्या पायांत घुटमळत आपोआप शिके. फ्लॅटमध्यें हें आपोआप होत नाहीं. झाड दुकानांतून येतें, केक बेकरींतून येतो, दिव्यांची माळ घरपोंच येते. आणि २५ डिसेंबरच्या दुपारीं मुलापाशीं एक नवें खेळणें व रिकामा खोका उरतो. आईबापांनीं प्रेमांत कसूर केलेली नसते. परंतु त्या सबंध सणांत मुलानें स्वतःच्या हातानें कांहींच केलेलें नसतें, आणि ज्यांत आपला हात लागला नाहीं तें माणसाच्या मनांत फार काळ टिकत नाहीं.

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें आहे: नाताळांत मुलाला भेट अवश्य द्या, पण त्याआधीं त्याला एक काम द्या.

हें सांगणें नवें नाहीं. आपल्या धर्माच्या इतिहासांतच त्याचा आधार आहे. ज्या गोठ्यापुढें आपण आज गुडघे टेकतों त्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यापासून रूढ झाली. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो या डोंगराळ गांवीं त्यांनीं जॉन नांवाच्या एका गृहस्थास सुमारें पंधरा दिवस आधीं निरोप पाठविला कीं, गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांची सिद्धता करून ठेवावी. मूर्ति नव्हत्या, गव्हाणीवर मिस्साबलिदान झालें, आणि गांवकरी मशाली घेऊन आले. हें सर्व कार्य एका संसारी माणसाच्या हातून संतानें करून घेतलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पोप फ्रान्सिस यांनीं १ डिसेंबर २०१९ रोजीं याच ग्रेच्चोस जाऊन गोठ्याच्या महतीविषयींच्या पत्रावर सही केली, व ही प्रथा घरोघरीं चालू ठेवण्याचें आवाहन केलें.

आगमनकाळांतील मेणबत्त्यांच्या चक्राची कथाही अशीच आहे. जर्मनींतील हँबुर्ग शहरांत योहान विचर्न नांवाचे एक प्रॉटेस्टंट पाळक गरीब मुलांचें वसतिगृह चालवीत. नाताळ केव्हां येणार, असें मुलें वारंवार विचारीत. १८३९ सालीं त्यांनीं गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारास मोठी, इतर दिवसांस लहान. वाट कशी पाहावी हें मुलें त्या चाकापाशीं शिकलीं, आणि पुढें आपल्या ख्रिस्तसभेनेंही ती चाल स्वीकारली. गोव्यांत चांदोर व रेइश मागूश येथें तीन राजांच्या सणास तीन मुलांनाच राजवेष घालून मिरवणुकीनें आणतात. जन्मभर त्या मुलांना तो दिवस विसरतां येईल काय?

आतां आपल्या नागपुरांतील घराकडे वळूं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं एका पसरट भांड्यांत माती घालून मुलाच्या हातून मूठभर गहूं पेरवावे. रोज पाणी घालणें हें त्याचें काम. चौथ्या रविवारापर्यंत गोठ्यापुढील शेत हिरवें होतें, आणि ज्या दिवशीं तें पाणी घालावयास विसरेल त्या दिवशीं कोंब स्वतःच माना टाकून त्याला आठवण देतील. गोठ्याला लागणारी तणस बाजारांतून विकत आणण्यापेक्षां भंडारा-गोंदियाकडील एखाद्या सहकाऱ्यास सांगितलें तर तो गांवाहून आनंदानें जुडी आणून देईल, आणि गोठा कशासाठीं म्हणून विचारील. सुवार्तेस इतकें निमित्त पुरतें.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत फराळ येतो. कुलकुल वळण्यास कांटा आणि लहान बोटें हींच उत्तम साधनें आहेत. करंज्यांच्या कडा मुडपणें पांच वर्षांच्या मुलास जमणार नाहीं, पण सारण भरणें खचित जमेल. थोडें सांडेल, थोडें तोंडांत जाईल. तेवढी तूट घरानें सोसावी. येथें गृहस्थांस माझी विशेष विनंती आहे. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईनें रात्रीं अकरापर्यंत कढईपुढें उभें राहावें, आणि बाकीच्यांनीं सण साजरा करावा, ही रीत प्रभूच्या जन्मोत्सवास शोभत नाहीं. बेथलेहेमास जागा शोधीत दारोदार फिरण्याचे कष्ट संत योसेफ यांनीं घेतले होते. त्यांचें नांव घेणाऱ्या पुरुषानें झारा हातीं घेण्यास लाजूं नये.

दिवाळींत शेजारच्या घरांतून आपल्याकडे चकल्या-अनारशांचें ताट येतें. तें ताट रिकामें परत करूं नये, अशी आपल्या महाराष्ट्रांत समजूत आहे. नाताळांत त्याची परतफेड मुलाच्या हातून व्हावी. जिना उतरून, घंटी वाजवून, "काकू, आमच्याकडचा नाताळचा फराळ," एवढें वाक्य त्यानें स्वतः म्हणावें. ख्रिस्ती असणें म्हणजे लपविण्याची किंवा मिरविण्याची गोष्ट नव्हे, ती वाटण्याची गोष्ट आहे, हें त्याला त्या जिन्यावर उमगेल.

आणखी एक माणूस आपण विसरतों. डिसेंबरअखेर नागपूरची थंडी कडक असते. पुष्कळदां पारा १० अंशांखालीं जातो. आपल्या इमारतीचा चौकीदार त्या थंडींत शाल गुंडाळून शेकोटीपाशीं बसलेला असतो. देवदूतानें प्रथम वार्ता सांगितली ती रात्रीं कळपांची राखण करणाऱ्या मेंढपाळांना, असें संत लूक सांगतात. ते त्या काळचे चौकीदारच होते. मध्यरात्रीच्या मिस्सेस निघतांना मुलानें त्या चौकीदाराच्या हातीं गरम चहा, चार करंज्या आणि दोन संत्रीं दिलीं, तर शुभवर्तमानाचा तो अध्याय त्याला वेगळा शिकवावा लागणार नाहीं. हा संत्र्यांच्या हंगामाचा काळ असतो. नागपूरकराच्या दानांत संत्रें असावें, हें उचितच होय.

भाषेविषयींही बोललें पाहिजे. आपलीं मुलें शाळेंत इंग्रजी शिकतात, मित्रांशीं हिंदी बोलतात, आणि मराठी प्रार्थना त्यांच्या ओठांवरून हळूहळू उतरूं लागली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले, मराठी शिकले, आणि १६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें त्यांचें क्रिस्तपुराण छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ गोव्यांतील भाविक मोठ्यानें वाचून ऐकत. ज्या भाषेंत प्रभूचा जन्म चारशें वर्षांहून अधिक काळ गाइला गेला, ती भाषा आपल्या एका पिढीच्या आळसानें घरांतून जावी काय? उपाय सोपा आहे. आगमनकाळांत रोज सायंकाळीं चक्रावरील मेणबत्ती लावतांना गांवच्या आजीला मोबाईलवर बोलवावें, आणि तिनें सांगावें व नातवंडांनीं म्हणावें. सात-आठ मिनिटें पुरतात. आजीला आपण कोणालातरी हवें आहों असें वाटतें, आणि मुलाला आजीच्या आवाजांत प्रार्थना मिळते. तो आवाज पुढें त्याला आयुष्यभर पुरतो. ज्या घरीं माता मल्याळी किंवा तमिळ असेल तेथें तिच्याही भाषेंत एक प्रार्थना व्हावी. आईच्या जिभेवरील प्रार्थना गमावण्यास कोणत्याही घराची ऐपत नसते.

कोणी म्हणतील, हें सर्व ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठीं. विधिमंडळाचें अधिवेशन भरलें कीं रस्ते अडतात, कचेरींत वर्षअखेरचीं कामें, त्यांत मुलांच्या परीक्षा. आणि कित्येकांची तर २४ डिसेंबरलाच रात्रपाळी असते. ही अडचण खरी आहे. ज्या घरचा पिता त्या रात्रीं रुळांवर किंवा रुग्णांपाशीं उभा असेल, त्या घरीं गव्हाणींतील बाळाची मूर्ति तो परत येईपर्यंत झांकून ठेवावी. सकाळीं त्याचे जोडे दाराशीं वाजले म्हणजे मुलांनीं ती त्याच्या हातीं द्यावी, आणि त्यानें ती गव्हाणींत ठेवावी. अशा घरीं नाताळ सकाळीं सात वाजतां येतो, आणि तो मध्यरात्रीं आलेल्या नाताळाहून तिळभरही उणा नसतो.

आपला नागपूर धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापन झाला, आणि १९५३ सालीं त्यास महाधर्मप्रांताचा मान मिळाला. सदर येथील महामंदिर ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवें उभें आहे, त्यांनीं १६०९ सालीं संसारी लोकांसाठीं भक्तीचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील शिकवण अशी कीं, भक्ति ज्याच्या-त्याच्या अवस्थेस अनुसरून असावी. कारागिरानें दिवसभर मंदिरांत बसून राहणें, किंवा प्रपंच करणाऱ्यानें संन्याशाप्रमाणें वागणें, ही खरी भक्ति नव्हे. अशा संताचें नांव आपल्या महामंदिरास लाभावें, हा मला मनीषनगरच्या तरुण आईबापांसाठीं शुभसंकेत वाटतो. पुढें १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें कुटुंबास घरांतील ख्रिस्तसभा म्हटलें, आणि मुलांना श्रद्धेचा पहिला उपदेश आईबापांनीं करावा असें सांगितलें. नाताळनंतरच्या रविवारीं येणारा पवित्र कुटुंबाचा सण, जो १९२१ सालीं पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनीं सर्व ख्रिस्तसभेस लागू केला, तो याच गोष्टीची दरवर्षीं आठवण देतो. नाझरेथच्या घरांत प्रभूनें आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें घालविलीं, आणि त्या वर्षांतील बहुतेक दिवस पाणी भरणें, लांकूड तासणें, जेवणें व प्रार्थना करणें यांतच गेले असतील.

तेव्हां या महोत्सवाच्या वर्षांत प्रत्येक तरुण कुटुंबानें तीन गोष्टी कराव्या, अशी माझी नम्र विनंती आहे. आगमनकाळांत रोज एकदां सर्वांनीं मिळून आपल्या भाषेंत प्रार्थना करावी. घरांतील प्रत्येक मुलास, तें कितीही लहान असो, गोठ्याचें एक काम नेमून द्यावें, आणि तें काम मोठ्यांनीं परस्पर उरकूं नये. आणि ज्याच्या दारीं त्या रात्रीं कोणी जाणार नाहीं अशा एका माणसाकडे एक ताट पोंचवावें. धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांसही एक सांगणें आहे: ज्या घरीं आजी नाहीं, त्या घरीं तुम्ही जाऊन आजी व्हा. करंज्या वळण्यास बोलावणें येईल याची वाट पाहूं नका. लाटणें घेऊन निघा.

तीन राजांच्या सणानंतर गोठा आवरला जातो, मूर्ति कापसांत गुंडाळून पेटींत जातात, गव्हाचें शेत पिवळें पडतें. त्या वेळीं मुलानें विचारावें कीं, पुढच्या वर्षीं माझें काम कोणतें? हा प्रश्न ज्या घरांत ऐकूं येईल, त्या घरांत नाताळ पोंचला असें समजावें. बाळ येशू, पवित्र मरिया आणि संत योसेफ आपल्या सर्वांच्या घरीं वास करोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.