पाण्याचा हिशोब
(स्त्रियांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



मी बरीच वर्षे फ्लोरिडात राहते. येत्या जानेवारीत आम्ही चौघीजणी तिथल्या एव्हरग्लेड्समधून कयाकने जाणार आहोत. सर्वांत धाकटी 44 वर्षांची, थोरली 61. ही बातमी सांगितल्यावर इथे आणि तिथे पहिला प्रश्न एकच आला, "बरोबर पुरुष कोण?" मगरींचा प्रश्न त्यानंतर. मगरी आहेत, ॲलिगेटरही आहेत. पण आमची खरी काळजी वेगळीच आहे, ती म्हणजे पिण्याचे पाणी.

एव्हरग्लेड्स सिटीपासून दक्षिणेला फ्लेमिंगोपर्यंत हा जलमार्ग 99 मैलांचा, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर. सगळीकडे कांदळवन, खाड्या, बेटे. चहूकडे पाणीच, पण ते खारे किंवा मचूळ. वाटेत गोडे पाणी कुठेच मिळत नाही. माणशी रोज एक गॅलन धरले, तर 9 दिवसांचे प्रत्येकीचे 34 लिटर, म्हणजेच 34 किलो होते. ते जाड, टणक डब्यांतच न्यायचे, कारण तिथले रॅकून मऊ प्लास्टिक कुरतडून पाणी पितात. महिन्याचा किराणा भरणाऱ्या बाईला हा हिशोब काही अवघड नाही.

काळ हिवाळ्याचाच निवडला. उन्हाळ्यात डास माणसाला उभे राहू देत नाहीत, आणि जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस. मुक्कामासाठी उद्यानाचा परवाना लागतो. कुठली रात्र कुठे, हे आधीच ठरवावे लागते. जिथे कोरडी जमीन नाही तिथे पाण्यावर लाकडी मचाण असते, त्याला 'चिकी' म्हणतात. वर छप्पर, बाजूला संडास. खिळे ठोकायचे नाहीत, म्हणून स्वतःच्या आधाराने उभा राहणारा तंबू हवा. पाळी आली तर काय, हेही आम्ही मोकळेपणाने बोललो. घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या घेतल्या आहेत. सगळा कचरा परत आणायचा, त्यात हाही आला.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. वाटेत 'नाइटमेअर' नावाची अरुंद खाडी आहे. ती भरतीलाच पार करता येते, ओहोटीला नाव चिखलात रुतते. वेळ जमली नाही तर बाहेरच्या समुद्राकडून जावे लागते, आणि तिथे वारा असतो. आमच्यातल्या एकीने जन्मभर प्रवासात नकाशा हातात घेतला नव्हता, तो नेहमी नवऱ्याकडे असे. भरतीचे तक्ते आता तीच मांडते आहे. रोज एकीने वाट दाखवायची, असे ठरले आहे. नकाशा एकीलाच कळत असेल, तर बाकीच्या तिघी नुसत्या तिच्या मागे जाणाऱ्या.

दुसरा नियम असा की, रोजचे अंतर सर्वांत हळू वल्हवणारीच्या वेगाने ठरवायचे. तिसरा नियम, एकीनेही "आज नको" म्हटले तर थांबायचे. तिला भित्री म्हणायचे नाही. घरात आपल्या 'नको'ला किती किंमत असते, हे आपण सगळ्या जाणतो. निदान पाण्यावर तरी ती पुरी असावी.

या रानाला 1997 साली मार्जोरी स्टोनमन डग्लस यांचे नाव दिले गेले. लोक ज्याला निरुपयोगी दलदल समजत, ती गवतातून वाहणारी नदी आहे, हे त्यांनी 1947 साली पुस्तक लिहून पटवले. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. तरुणपणी त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढल्या होत्या. तो अधिकार अमेरिकेत 1920 साली मिळाला, पण फ्लोरिडाच्या विधिमंडळाने त्या दुरुस्तीला मान्यता दिली ती 1969 साली! त्याच वर्षी, 79व्या वर्षी, त्यांनी एव्हरग्लेड्स वाचवण्यासाठी संघटना काढली. 1998 साली त्या वारल्या, तेव्हा 108 वर्षांच्या होत्या. तेव्हा वयाचे कारण आम्हाला कोणी सांगू नये.

आमच्यातल्या एकीच्या घरी अजून कुरकुर चालू आहे. तिने परवानगी मागितलेली नाही, तारखा सांगितल्या आहेत. ती येईल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. पण तिच्या वाट्याचे 34 लिटर आम्ही हिशोबात धरलेले आहेत.

निघण्यापूर्वी एक कागद किनाऱ्यावरच्या मैत्रिणीकडे राहील. त्यावर रोजचा मुक्काम, परतीची तारीख, आणि न परतल्यास कोणाला कळवायचे ते लिहिलेले असेल. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईमागे असा कागद सांभाळणारी एक मैत्रीण हवी. तुमची कोण आहे, हे आज घरी जाताना ठरवा.