नातवंडे सांभाळणाऱ्या वृद्धांस साहाय्य : सोनारी येथील भाषण



श्रीभैरवनाथाच्या या गावी समितीच्या वतीने चार शब्द बोलण्यास आम्ही उभे आहोत. धान्य व चारा यांचा हिशेब अहवालात दिलाच आहे. तो आपण तपासावा व चूक दिसेल तेथे आमचा कान धरावा. आज बोलावयाचे ते त्या हिशेबातून निसटलेल्या एका गोष्टीविषयी.

पाऊस दगा देतो तेव्हा धडधाकट माणसे घर सोडतात आणि म्हातारे व लेकरे मागे राहतात, हा या मुलखाचा जुना अनुभव होय. आपल्या परंडा तालुक्यातील कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. तितके महिने नातवंडांची भाकरी, शाळा व दुखणेखुपणे आजीआजोबांच्या अंगावर पडते. ज्या घरी आईबापांपैकी कोणी वारले, तेथे तर हे ओझे मूल सज्ञान होईपर्यंत उतरत नाही.

आपली मदतीची रीत मात्र हातांस काम देण्याची. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांत तीच होती व १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही तीच आहे. ती रीत मानाची आहे, यात शंका नाही. परंतु सत्तरी उलटलेल्या आजीच्या हाती फावडे कसे द्यावे? १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी अमलात ज्या दुष्काळसंहिता झाल्या, त्यांतही काम न होणाऱ्या वृद्धांस फुकट मदत देण्याची तरतूद करावी लागली होती.

आमच्याच हातून घडलेली चूक येथे सांगतो. धान्यवाटपाच्या वेळी आम्ही शिधापत्रिकेवरील नावे मोजली. एका आजींच्या पत्रिकेवर त्यांचे एकटीचे नाव होते, म्हणून एका माणसापुरती ज्वारी दिली. त्या काही न बोलता पदरात घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गुरुजींनी सांगितले की, त्यांच्या घरी तीन नातवंडे जेवतात. मुलांची नावे ऊसतोडीस गेलेल्या आईबापांच्या पत्रिकेवर आहेत. आम्ही कागद मोजले, ताटे मोजली नाहीत. यापुढे यादी चुलीपाशी बसून होईल.

कायद्याचीही गोष्ट अशीच आहे. १९५६ च्या कायद्यात हिंदू अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आईबापांची नावे आहेत, आजीआजोबांची नाहीत. मुलाच्या मिळकतीचा प्रश्न असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व मागता येते, आणि तेथे मुलाचे हित हीच मुख्य कसोटी मानतात. दरमहाच्या खर्चासाठी मात्र राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. आईबापांपैकी एक किंवा दोन्ही गमावलेल्या मुलास नातेवाइकांच्या घरीच ठेवून तीत साहाय्य मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते इतके जमवून अर्ज जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावा लागतो. सही न येणाऱ्या आजीस परंडा व धाराशिवचे हेलपाटे झेपत नाहीत, आणि हक्क कागदावरच राहतो. ऊसतोडीस गेलेल्यांच्या मुलांकरिता शाळेतून हंगामी वसतिगृहे चालतात. तीही वेळेवर मागितली तरच उपयोगाची.

कोणी म्हणतात, अशी मुले अनाथाश्रमात घालावीत. ज्यास कोणीच नाही त्यास आश्रम हा आधार खराच. पण जेथे आजीची कूस आहे, तेथून केवळ दारिद्र्यापायी मूल उचलणे म्हणजे दुष्काळाने हिरावले नाही तेही आपण हिरावणे होय.

म्हणून आमची विनंती द्रव्याची आहे आणि माणसांचीही. ज्यांस शक्य आहे त्यांनी अशा एका घराचे धान्य पुढील सुगीपर्यंत आपल्याकडे घ्यावे. शिकलेल्या तरुणांनी एकेका आजीबरोबर कचेरीत जावे, अर्ज लिहावा व निकाल लागेपर्यंत सोबत सोडू नये. वकिलीचे काम आम्ही विनामोबदला करू.

त्या आजींनी तक्रार केली नाही, म्हणून गरज नव्हती असे नव्हे. न मागणाऱ्याचे दार आपणच शोधले पाहिजे.