हौशी छायाचित्रकाराने शिकावे कोठे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी हा विषय आमच्या हवाली केला तो अमथा नव्हे. अलीकडे आपल्या समाजातील घराघरांत कॅमेरे येऊ लागले आहेत. मुलगा अगर मुलगी नोकरीस लागली की पहिल्या वर्षाच्या पगारातून, आणि पुष्कळदा हप्त्यांवर, पन्नास-साठ हजारांचे यंत्र खरेदी होते. गणपतीत त्याचे कौतुक होते, होळीपर्यंत हौस टिकते, आणि पुढे ते कपाटात विसावते. वसईच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरण्यास एकदोन पावसाळे पुरे होतात. मग आईबाप आम्हांस विचारतात, "ह्याला एखाद्या चांगल्या क्लासात घातले तर?" ह्या प्रश्नाची जी उत्तरे आम्ही आजवर रस्त्यात उभ्याउभ्या दिली, ती आज जरा स्वस्थपणे द्यावी असा विचार आहे.

प्रश्न मुळीच नवा नाही. डागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची कृती १८३९ साली जाहीर झाली, आणि त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आद्य भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले. सोसायटीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते; ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकलेले. १८५६ ते १८५८ ह्या काळात मुंबईहून छायाचित्रांची एक मासिक मालिका निघत असे, तिच्या तर नावातच 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, हा शब्द होता. वर्गात बसून शिकावे की जाणकारांच्या मंडळीत वावरून शिकावे, हे दोन्ही मार्ग येणेप्रमाणे मुंबईत प्रथमपासून उघडे होते.

वर्गाचा मार्ग आम्ही वाईट म्हणत नाही. ज्याला ह्यावर पोट भरावयाचे आहे, त्याने रीतसर अभ्यासक्रम अवश्य करावा. तेथे प्रकाशयोजना, रंग, छपाई ही सर्व अंगे क्रमाने शिकविली जातात, आणि सोबतीला तितकीच धडपडणारी दहा मुले असतात, हा लाभ लहान नव्हे. परंतु आपली बहुसंख्य तरुण मंडळी नोकरी करणारी. विरारहून चर्चगेटास जलद गाडीनेही सव्वा ते दीड तास लागतो, तितकाच परतताना. एवढे उभे राहून आल्यावर संध्याकाळच्या वर्गात जो बसेल त्याच्या निष्ठेस आमचा नमस्कार. पण त्याचे डोळे उघडे राहतील ह्याची हमी आम्हांस देववत नाही. शिवाय हौशी माणसास उजेड हवा तो सकाळ-संध्याकाळचा, आणि नेमका तोच वेळ गाडी खाऊन टाकते.

दुसरा मार्ग लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाच्या हाताखाली उमेदवारी करण्याचा. ह्याची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. दोन लग्नसराया दिव्याची काठी धरून उभा राहिलेला मुलगा माणसांशी कसे बोलावे, गर्दीत जागा कशी काढावी, आणि मंगलाष्टके संपतानाच्या त्या क्षणी हात कसा तयार ठेवावा, हे जितके शिकतो तितके कोणतेही पुस्तक शिकवीत नाही. अडचण इतकीच की गिऱ्हाइकाला जे आवडते तेच चांगले, असा त्याच्या नजरेला वळसा बसतो. चेहरे गोरे करणे हा त्यातलाच एक रोग.

तिसरा मार्ग आज सर्वांत सोपा झाला आहे, तो म्हणजे पडद्यावर पाहून शिकण्याचा. मोबाईलवर ह्या विद्येची इतकी फुकट व्याख्याने आहेत की एका जन्मात ऐकून होणार नाहीत. त्यांतील कित्येक उत्तम आहेत. परंतु व्याख्याते आपले चित्र पाहात नाहीत! आपण त्यांना पाहतो. ते आपणांस पाहात नाहीत. विद्यार्थ्यास छिद्र, शटर आणि संवेदनक्षमता ह्यांचे नाते तोंडपाठ होते, आणि तरी काकीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला त्याच्या ध्यानात येत नाही. तो दाखविण्यास दुसरे माणूस लागते.

येथे दोन थोर व्यक्तींची उदाहरणे घेऊ. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी कित्येक वर्षे छायाचित्रणाच्या धंद्यात होते. १९१२ साली ते लंडनला गेले, तेथे अल्पकाळच राहिले, आणि कॅमेरा घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस, महिनाभराहून अधिक काळ, टिपली. पडद्यावर तो अंकुर क्षणार्धात वर चढताना दिसला तेव्हा पैसे देणाऱ्यास भरवसा आला, आणि त्यातून पुढचा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. जागा तीच, कुंडी तीच, आणि बदलतो तो फक्त काळ. लंडनचे शिक्षण पक्के झाले ते ह्या कुंडीपाशी, असे आम्ही समजतो.

दुसरे उदाहरण होमाई व्यारावाला ह्यांचे. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या ह्या बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. छायाचित्रण त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला ह्यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. आरंभी त्यांनी चित्रे घेतली ती बरोबरच्या विद्यार्थिनींची आणि मुंबईच्या नित्याच्या जीवनाची. त्यांतली काही माणेकशांच्याच नावाने छापून आली. पुढे त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावल्या, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आपल्या सुनांनी आणि मुलींनी हे ध्यानात ठेवावे. चांगला शिक्षक एकच होता, तोही घरचाच म्हणावा असा, आणि विषय होता रोजच्या वावरातला.

तेव्हा आमचे उत्तर असे. हौशी माणसाने पहिले एक वर्ष एकच यंत्र, एकच भिंग आणि घरापासून चालत जाता येईल असा एकच विषय घ्यावा. आणि दर महिन्यास बाराच चित्रे कागदावर छापून ती कोणा जाणत्याला दाखवावी. बाराच का? पूर्वी आपल्याकडे घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक ३ ह्या कॅमेऱ्यात १२० आकाराच्या फिल्मवर बाराच चित्रे निघत. चुकले की पैसे वाया, म्हणून बोट दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आता बोट दाबण्यास काहीच पडत नाही, त्यामुळे ती बंधने आपण आपल्यावर घालून घ्यावी लागतात. यंत्र नसेल तर मोबाईलने आरंभ करावा. फक्त चेहरा गुळगुळीत करणारी त्याची सोय बंद करावी, आणि माणसाचे चित्र घेताना दोन पावले मागे सरावे. फार जवळून घेतले तर नाक मोठे येते आणि आजी रागावते.

आणि विषय? तो आपल्या दारात आहे. आपल्या वाडीतले एखादे बावखल घ्या. चैत्र-वैशाखात त्याचे पाणी तळाला जाते, श्रावणात काठोकाठ भरते, मार्गशीर्षात सकाळी त्यावर धुक्याचा पदर असतो. एकाच जागेवरून वर्षभर ते टिपणारा मुलगा प्रकाशाविषयी जितके शिकेल तितके त्याला कोणी शिकवू शकणार नाही. ऐन दुपारी केळींच्या बागेत गेल्यास पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे पांढरे फटक आणि सावली काळीकुट्ट येते. तेच ढगाळ सकाळी पानाची शीर न् शीर दिसते. हे एकदा फसल्यावर जन्मभर विसरत नाही. सुकेळी उन्हात मांडलेली असतील तर ऊन तिरपे असताना जावे, म्हणजे त्यांवरच्या सुरकुत्या उठून दिसतात. नायगाव-भाईंदरकडच्या मिठागरांत गेलात तर आणखी एक धडा मिळेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे धरून चालतो. त्याच्यावर विसंबलात तर मिठाचे शुभ्र ढीग राखेसारखे येतील. तेथे मापकाने सांगितल्याहून एक ते दीड पट्टी अधिक प्रकाश द्यावा. उलट निरभ्र आकाश असेल तर मापकावाचूनही चालते: संवेदनक्षमता १००, छिद्र एफ १६, शटर सेकंदाचा १/१२५ अंश. हा हिशेब जुन्या लोकांना तोंडपाठ होता.

किल्ल्याची चित्रे घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेला वसईचा किल्ला कोणाला मोहात पाडणार नाही? पण लग्नापूर्वीची जोडपी घेऊन तेथे इतके कॅमेरे फिरत असतात की नवशिक्यास त्या कमानींतून स्वतःचे काही पाहणे कठीण जाते. किल्ला कोठे जात नाही. बावखले मात्र जात आहेत. पुष्कळ बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या आळीत ती होती त्या आळीतल्या दहा वर्षांच्या मुलास ती कोठे होती हे सांगता येत नाही. रहाट तर त्याआधीच गेले. रहाटाची माळ कशी फिरे, बैल कोणत्या बाजूने जुंपीत, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, आणि त्यांचीही चित्रे आपल्याकडे आहेत ती बहुधा आधारकार्डावरची!

म्हणूनच जाणता म्हणून कोणाला निवडावे ह्याविषयी आमचे मत जरा वेगळे आहे. कॅमेऱ्याचे ज्ञान असलेला एक जण तर हवाच. पण त्याच्या शेजारी एक वाडीचे ज्ञान असलेले म्हातारे माणूस बसवावे. पहिला सांगेल की क्षितिज कलले आहे. दुसरे सांगेल की पानवेलीच्या मांडवाचे चित्र चांगले आले, पण वेल बांधणाऱ्या बाईचे हात चित्रात नाहीत, आणि काम तर हातांचे आहे. ही दुसरी टीका कोणत्याही क्लासात मिळत नाही. तिच्यापायी विद्यार्थ्यास परत जावे लागते, त्या बाईंशी बोलावे लागते, त्यांची परवानगी मागावी लागते. परवानगी मागणे हा शिष्टाचार तर आहेच. शिवाय परवानगी देणारे माणूस कॅमेऱ्यासमोर आखडत नाही. छापील प्रत त्यांना नेऊन द्यावी, म्हणजे पुढच्या खेपेस चहा मिळतो.

मंडळापुढे आमची एक सूचना आहे, आणि ती कार्यकारिणीने मनावर घ्यावी. महिन्यातून एका रविवारी आपल्या सभागृहाची एक खोली दोन तास उघडी ठेवावी. तरुणांनी आपापली बारा चित्रे सहा बाय आठ इंचांच्या कागदावर छापून आणावीत; मोबाईलच्या पडद्यावर दाखविलेले चित्र मोजू नये, कारण पडदा सगळ्यांस सुंदर दाखवितो. प्रत्येक चित्राच्या पाठीवर मऊ शिशाच्या पेन्सिलीने, दाब न देता, दिनांक, आळी, वाडी आणि चित्रातील माणसांची नावे लिहावीत; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. वडील मंडळींनी घरचे जुने अल्बम आणावेत. त्यांत कित्येक चेहरे असे आहेत की त्यांची नावे सांगणारी दोन-तीनच माणसे उरली आहेत. मुलांनी चित्रे दाखवावीत, वडिलांनी नावे सांगावीत, आणि ती त्याच बैठकीत लिहून घेतली जावीत. कोणासही फी असू नये.

पहिली बैठक पावसाळ्यापूर्वी, बावखलांचे पाणी तळाला असतानाच व्हावी. चहाची व्यवस्था मंडळाने करावी. अल्बम उचलून आणण्यास ज्यांना साथ हवी त्या घरांची नावे चिटणीसांकडे आजच द्यावीत.