शुगरची गोळी, उपास आणि एक विकर

(सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)

कमिटीने मला "डायबेटीसवर काहीतरी बोला" म्हणून सांगितलं. भात कमी करा, चाला, हे तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर वाचता, ते मी सांगत बसणार नाही. मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा पेशीच्या आतलं सांगते. आपल्या उपासांचा प्रश्न तिथेच दडलाय.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण रक्तात साखर किती, हे त्यांना कळतं कसं? तर ही पेशी साखर जाळून बघते! साखर आत आली की तिला आधी धरतं ते ग्लुकोकायनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. इतर बहुतेक पेशींत हेच काम त्याची भावंडं करतात, पण ती थोड्याशा साखरेवरही पूर्ण वेगाने पळतात. ग्लुकोकायनेजचं तसं नाही. रक्तातली साखर ९० च्या आसपास असताना ते हळू चालतं, १४० ला वेग घेतं, १८० ला आणखी. त्याचा वेग हेच पेशीचं मोजमाप. फ्रान्झ मॅचिन्स्की या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून हा विषय लावून धरला.

साखर जळली की एटीपी तयार होतं. ते वाढलं की पेशीच्या आवरणातला पोटॅशियमचा दरवाजा बंद होतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात.

आपल्या बेसमेंटमधला पावसाचं पाणी उपसायचा पंप आठवा. पाणी चढलं की फ्लोट वर येतो, पंप सुरू. पाणी उतरलं, पंप बंद. ग्लुकोकायनेज म्हणजे तो फ्लोट.

आता गोळ्यांकडे येऊ. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही नावं इथे बऱ्याच घरांत सापडतील. या गोळ्या विकराला विचारतच नाहीत, पोटॅशियमचा दरवाजा थेट बंद करतात. म्हणजे पंप मॅन्युअलवर टाकला! पाणी असो वा नसो, तो चालणार. गोळी घेतली आणि हरतालिकेचा निर्जळी उपास केला, तर साखर उतरत असतानाही इन्सुलिन पाझरत राहतं. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटतं, उपासाने थकवा आला. शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

एकटी मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. पण पुष्कळदा एकाच गोळीत दोन्ही औषधं असतात, तेव्हा पाकीट नीट वाचा. आणि कृपा करून मनाने गोळी बंद करू नका. उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारा, डोस त्यांनाच बदलू द्या.

तरुणांसाठी एक गोष्ट. काही मोजक्या घराण्यांत या विकराचा जीनच थोडा बदललेला असतो, म्हणजे फ्लोटच जरा वर बसवलेला. १९९२ मध्ये हे उघड झालं. अशांची उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ च्या दरम्यान राहते, फारशी वाढत नाही, आणि गरोदरपण सोडलं तर बहुधा औषध लागत नाही. पण हे जनुकीय तपासणीनेच ठरतं. "आमच्या घराण्यातच आहे" एवढ्याने नव्हे!

एका काकूंनी मघाशी विचारलं, "मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर झालं ना?" काकू, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, साखर झरकन चढवतो. सकाळी खिचडी आणि मग रात्रीपर्यंत काहीच नाही, हे गोळीवाल्यांना सगळ्यात वाईट. खायचंच तर दाण्याचं कूट, दही घालून थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी. आणि रात्री झोपायच्या आधी एकदा बोट टोचून बघा.