सांभाळणाऱ्यांची चौकशी

पक्षाघात झालेल्या माणसाची चौकशी सगळेच करतात. रात्रीतून उठून त्याची कूस बदलणाऱ्या बायकोची, सुनेची चौकशी मात्र क्वचितच होते. तिच्यावरचा ताणही मोजता येतो. १९८३ साली संशोधक रॉबिन्सन यांनी मांडलेली १३ प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी आजही वापरतात. उत्तर फक्त हो किंवा नाही. झोपमोड होते का? उचलताना-बसवताना अंगावर ताण येतो का? पैशांची ओढाताण होते का? आणि मला सर्वांत भिडणारा प्रश्न: आपलं माणूस पूर्वीसारखं राहिलं नाही, याचा त्रास होतो का? सात किंवा अधिक वेळा ‘हो’ आलं, तर ताण बराच आहे असं समजतात. तुम्ही अशा कुणाला सांभाळत असाल, तर त्यांच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना तुमच्या झोपेबद्दल, पाठदुखीबद्दलही जरूर सांगा.