हरलेल्यालाही आपली वाटावी अशी निवडणूक



मुक्त सॉफ्टवेअरच्या या परिषदेसाठी आपण पुण्यात आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. १८७० साली याच शहरात सार्वजनिक सभा ही संस्था उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिच्या अग्रणींपैकी एक. सभासद व्हायचे तर लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. निर्णय कोणी आणि कसे घ्यावेत, या यंदाच्या विषयाला याहून योग्य गाव कोणते?

या विषयात मला डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त संगणकप्रणालीबद्दल बोलायचे आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवतात. १९९८ साली या स्वयंसेवकांनी स्वतःची घटना मंजूर केली. तिच्यातले एक कलम मला सर्वांत मोलाचे वाटते: प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कोणावरही नाही, मात्र रीतसर झालेल्या निर्णयांविरुद्ध मुद्दाम काम करता येणार नाही. पुढची सारी व्यवस्था यातूनच येते. ज्याच्यावर सक्ती चालत नाही, त्याला नुसत्या संख्याबळावर नमवून भागत नाही. तो उद्या शांतपणे काम सोडून देईल.

म्हणून तिथली मतपत्रिका पाहा. मतदार एकाच नावावर शिक्का मारत नाही, तर पसंतीक्रम लिहितो: एक, दोन, तीन. दोघांना समान क्रमही देता येतो. शेवटचा पर्याय असतो ‘वरीलपैकी कोणीही नाही’. आपल्या डिजिटल किल्लीने सही करून मतदार आपले मत ई-मेलने पाठवतो. २००३ पासून मोजणी शुल्झे पद्धतीने होते, म्हणजे प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येक पर्यायाशी जोडीजोडीने तुलना होते. प्रकल्पप्रमुखाच्या निवडणुकीत मत गुप्त राहते, तरी निकालानंतर नावांऐवजी सांकेतिक आकडे असलेली यादी जाहीर होते आणि आपले मत बरोबर मोजले गेले का, हे ज्याचे त्याला तपासता येते.

२०२३ साली प्रकल्पप्रमुखपदासाठी जोनाथन कार्टर हे एकटेच उमेदवार होते. आपल्याकडच्या संस्थांत अशा वेळी बिनविरोध निवड जाहीर होते. तिथे मतदान झाले. एकट्या उमेदवारालाही ‘कोणीही नाही’ या पर्यायाला हरवावे लागते. विश्वास गृहीत धरायचा नसतो, तो दरवर्षी नव्याने मागायचा असतो.

मित्रहो, चांगल्या नियमांनी भांडणे संपत नाहीत, हेही मला सांगितले पाहिजे. २०१४ साली सिस्टिमडी ही संगणक सुरू करणारी नवी प्रणाली स्वीकारायची का, यावर डेबियनच्या तांत्रिक समितीत समसमान मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर प्रश्न सुटला. निर्णय वैध होता, तरी मने दुखावली. त्याच वर्षी समितीतल्या काही जाणत्या सभासदांनी राजीनामे दिले आणि डेबियनमधून फुटून देवुआन या नावाने वेगळी चूल मांडली गेली. हा विषय २०१९ मध्ये सर्व सभासदांच्या मतदानाला आला. समोर अनेक पर्याय होते. कौल मिळाला तो सिस्टिमडीवर भर देणाऱ्या, पण इतर प्रणालींच्या प्रयोगांनाही वाव ठेवणाऱ्या ठरावाला. ‘हो की नाही’ एवढेच विचारले असते तर हा मधला मार्ग मतपत्रिकेवर दिसलाच नसता. पसंतीक्रमाचे बळ ते हेच.

आपल्याकडे फाँट घडवणारे, सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणारे, शाळांत लिनक्स पोचवणारे गट मनापासून राबत आहेत. बहुतेकांचा कारभार दोन-तीन माणसांच्या भल्या मनावर चालतो. त्या माणसांविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच सारा भार त्यांच्या खांद्यावर राहू नये असे वाटते. मतभेद पेटल्यावर लिहिलेला नियम कोणाच्या तरी विरुद्धच लिहिल्यासारखा दिसतो. सलोखा असताना लिहिलेला नियम सर्वांचा होतो.

म्हणून आपल्याला माझी एक विनंती आहे. ही परिषद संपण्याआधी प्रत्येक गटाने एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: मत कोणाला, ठराव मांडायला अनुमोदक किती, आणि पदाची मुदत केव्हा संपते. यासाठी लागेल ती जागा, वेळ आणि मदत स्वागत समिती आनंदाने देईल.