उकिरडा, विहीर आणि पंचायत

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



युरोपीय समुदायाने 1991 साली असा निर्देश काढला की, नायट्रेटचा धोका असलेल्या प्रदेशांत गुरांच्या खतातून दर हेक्टरी वर्षाला 170 किलोंहून अधिक नत्र जमिनीत घालू नये. तिकडे विकतच्या पेंडीवर शेकडो गाई पोसणारे कारखानेवजा गोठे आहेत. शेण फार आणि जमीन थोडी. भंडाऱ्याच्या दोन-तीन गुरांच्या धान उत्पादकाला हे माप लावणे हास्यास्पद ठरेल. त्याला शेणखत पुरत नाही, म्हणून तर तो युरियाचे पोते आणतो. परंतु एवढ्यावरून आपल्याकडे प्रश्नच नाही, असे मानणे ही आत्मवंचना होय.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे 45 मिलिग्रॅम एवढीच नायट्रेटची मर्यादा आहे. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. असे पाणी घालून वरचे दूध पाजलेल्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व मूल निळे पडते.

ते विहिरीत उतरते कसे? चटकन विरघळणारे नत्र शेणापेक्षा मूत्रात अधिक असते. कच्ची जमीन ते शोषते, जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही. मृगाच्या सरींबरोबर खाली जाते. पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत मात्र, चिखलात प्राणवायू नसल्यामुळे, त्याचा बराच भाग वायुरूपाने उडून जातो. शेतकऱ्याचे त्यात नुकसानच, पण विहीर बचावते! तेव्हा आपल्याकडे खरी नजर बांधीपेक्षा गावठाणाकडे हवी. तेथे गोठा, उकिरडा आणि हातपंप हाकेच्याही नव्हे, हाताच्या अंतरावर असतात.

उपाय जुने आहेत. गोठ्याला फरशी, उतार आणि नाली; मूत्रासाठी टाके; उकिरडा पाण्यापासून दूर व पावसापासून झाकलेला. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप टाक्यात शेण, माती व काडीकचरा थराथराने रचतात; कोरडा काडीकचरा नत्र धरून ठेवतो. गोबरगॅसची मळी मात्र निरुपद्रवी समजू नये. तिच्यात नत्र कायम असते. ती वाहू दिली तर धोका तोच.

रोजगार हमीच्या कामांत नाडेप टाकी बसली, हे योग्यच झाले. पण टाक्याला जागा लागते. दोन गाईंच्या दुधावर घर चालविणाऱ्या भूमिहीनाने उकिरडा अंगणात नाही तर कोठे घालावा? त्याच्यावर दंडाची नोटीस बजावण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे? नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात वर्षानुवर्षे येत राहिले, ते ज्या शासनाला थांबविता आले नाही त्याला तर खासच नाही.

म्हणून ग्रामसभेत आपण दोन मागण्या लावून धरू. पंचायतीने विहिरींपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला, सामाईक खतजागा द्यावी. जागा गावाची, खत ज्याचे त्याचे. आणि पिण्याच्या प्रत्येक विहिरीच्या व हातपंपाच्या पाण्याची पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करून नायट्रेटचा आकडा पंचायतीच्या फलकावर लिहावा.